घड्याळवाल्यांच्या डोक्यातलं पाणी

४ मार्च

आले एकदाची! दोन बॅगा, एक कुंडी आणि ही कोरी वही घेऊन. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. मालकीणबाईंनी किल्ली देतानाच बजावलं की नळ घट्ट फिरवायचा नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा. म्हटलं, एवढ्या अटीवर मी राज्य करीन. काम इथून चालत दहा मिनिटांवर.

बावीस वर्षं मी मोडक्या हातापायांचे एक्स-रे काढले. मग दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी अभ्यास करून एमआरआयची परीक्षा दिली, सेहेचाळिसाव्या वर्षी, पोरासोरांच्या बाकावर बसून. आणि आता या केंद्रात माणसांच्या मेंदूचे फोटो काढणार. धाकटीला फोन केला तर ती म्हणाली, ताई, आता तुझ्यापुढे जपून विचार करायला हवा, तुला आतलं दिसायचं. नवऱ्यामागे मला एवढं मनापासून हसवणारी ती एकटीच उरली आहे.

केंद्र फक्त विसराळूपणाच्या आजारांसाठी आहे. तळमजल्यावर स्वागतकक्ष, त्यामागे मशीनची खोली, काचेच्या अलीकडे माझी खुर्ची. डॉक्टरीणबाई चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर चष्मा शोधतात, म्हणजे योग्य ठिकाणी आल्या आहेत. मशीनवरचे जुने तंत्रज्ञ म्हणजे दादा. सगळेच त्यांना दादा म्हणतात, बाईसुद्धा. त्यांनी कामाची रीत समजावली. स्वागतकक्षातून नावांची यादी माझ्या पडद्यावर येते. ज्या ओळीवर टिचकी मारू, ते नाव मशीन प्रत्येक फोटोवर छापतं. दादा म्हणाले की मशीनला तोंड ओळखता येत नाही, तेवढं आपण ओळखायचं. मी म्हटलं, बावीस वर्षांत माझ्या हातून एकाचा हात दुसऱ्याला गेला नाही. ते खूश झाले.

७ मार्च

आज बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला शिकवायला घेतलं. माणूस विसरायला लागला की लोक सरसकट अल्झायमर म्हणून मोकळे होतात, याचा त्यांना फार राग आहे. डिमेन्शियाचे प्रकार वेगळे आणि फोटोत त्यांच्या खुणाही वेगळ्या. अल्झायमरमध्ये कानाच्या आतल्या बाजूला आठवणी साठवणारा बोटभर भाग असतो, तो आक्रसत जातो. कुणाचा कपाळामागचा भाग झिजतो. त्या माणसाला सगळं आठवतं, पण भीडभाड जाते. कुणाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून पांढरे ठिपके उमटतात.

आणि एक प्रकार पाण्याचा. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात. म्हातारपणी कुणाकुणाच्या त्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. मग माणूस विसरतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखा चालतो, लघवी धरवत नाही. पण या सगळ्यांत हाच एक असा, की वेळेत ओळखला तर डोक्यात बारीक नळी बसवून पाणी उतरवता येतं. बाईंचे तीन पेशंट खुर्चीतून आले आणि पायांनी घरी गेले. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलला की मीच टाळी द्यायला हात पुढे केला. उशीर झाला तर मात्र काही उपयोग नाही, असं त्या म्हणाल्या. माणूस खोटं बोलेल, घरचे सांभाळून घेतील, पण फोटो कुणाची भीड ठेवत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य दिसतंय. दिवसात दोनदा ऐकलं.

१३ मार्च

आज उडतच होते. दादा रजेवर, मी एकटी, आणि आठ माणसं वेळेच्या आत पार पाडली. दादांच्या हातून सहाच्या वर कधी जात नाहीत असं स्वागतकक्षातल्या मुलीनं हळूच सांगितलं.

दोन म्हातारे विशेष लक्षात राहिले. पहिले घड्याळं दुरुस्त करणारे. मशीनच्या खोलीत लोखंडाचा कण चालत नाही, म्हणून खिसे रिकामे करायला सांगितले तर निघता निघेना: चिमटा, दोन पेचकस, भिंग, कागदाच्या पुडीत तीन स्प्रिंगा. मुलगी ओशाळून म्हणाली की दुकान आता तीच बघते, पण बाबा खिसे भरल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. दुसरे हेडमास्तर. ताडताड चालत आले आणि मला म्हणाले की पाठ सरळ ठेवून बसत जा. त्यांच्या तोंडात सोन्याचा दात आहे, तो निघत नाही. फोटोत तिथे काळा डाग येणार, तो आला.

खरं तर नंबर घड्याळवाल्यांचा आधी होता. पण ऐनवेळी त्यांना लघवीची घाई झाली, मुलगी त्यांना घेऊन गेली. ते पाय ओढत जाऊन येईपर्यंत मशीन रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून हेडमास्तरांना निजवून टाकलं. मागाहून घड्याळवाले. ते आतून प्रत्येक खडखडाट थांबला की विचारायचे, झालं का? मी माईकवरून म्हणायची, होत आलं, बाबा. चौदा वेळा विचारलं असेल. जाताना त्यांनी माझं मनगटी घड्याळ कानाशी धरून सांगितलं की मिनिटभर मागे पडतंय. खरंच पडत होतं!

२२ मार्च

काय लिहू. लिहायलाच हवं.

आज आठवड्याची बैठक होती. सुरुवातीलाच बाईंनी त्या आठ माणसांच्या दिवसासाठी माझं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले की या बाईंच्या हातून चूक व्हायचीच नाही, मी आता निवृत्त व्हायला मोकळा. मी मान खाली घालून लाजले, पण आतून फुगले होते.

टाळ्या थांबल्या आणि बाईंनी घड्याळवाल्यांची फाईल उघडली. म्हणाल्या, यांचे पाय बघून मी पैजेवर पाणी म्हटलं असतं. पण फोटोत पाणी नाही, आठवणींचा भाग आक्रसलाय. अल्झायमर. मुलीला कालच सांगितलं की करण्यासारखं काही नाही, सांभाळा. मग हेडमास्तरांची फाईल. ताडताड चालतात आणि फोटोत मात्र पोकळ्या फुगून टम्म. बाई म्हणाल्या, आजारही पुस्तक वाचून येत नाहीत.

पडद्यावर घड्याळवाल्यांचं नाव असलेला फोटो होता. त्यात पुढच्या बाजूला, दाताच्या जागी, काळा डाग होता.

मी माणूस बदलला, पण ओळ बदलली नाही. हेडमास्तरांना निजवलं आणि यादीतल्या पहिल्याच नावावर टिचकी मारली. मागून आलेल्या घड्याळवाल्यांचे फोटो हेडमास्तरांच्या नावावर गेले. दोघांत वय एका वर्षानं कमी-जास्त, कुणाला खटकणार?

तेव्हाच हात वर करायचा होता. टाळ्यांचा आवाज अजून खोलीत होता. मी हात वर केला नाही, पाणी प्यायले.

२३ मार्च

फोटोंवरची वेळ ताडून पाहिली. शंकेला जागा नाही. दोन नावांची अदलाबदल, दादांना सांगून दहा मिनिटांचं काम. आणि एक माणूस चालत घरी जाईल.

सोमवारी सांगते. दादा एकटे असताना.

२८ मार्च

सोमवार गेला. मंगळवारही. दादा एकटे होते, मी त्यांना यादीतल्या नावांचा आकार मोठा करता येतो का असं काहीतरी विचारलं.

हेडमास्तरांच्या पाठीत सुई घालून थोडं पाणी काढून पाहिलं, फरक पडतो का ते बघायला. कसा पडणार? ते विव्हळले, आणि मग त्या सुई घालणाऱ्यालाच म्हणाले की हात स्वच्छ धूत जा. त्यांचा मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. निष्कारण सुई खाल्ली त्यांनी. माझ्यामुळे.

जनाची नाही तर मनाची, असं आई म्हणायची. मला तर जनाचीच आहे, तीच नडतेय. धाकटीचा फोन आला, नवी नोकरी कशी म्हणून विचारत होती. मी तिला टाळ्यांची गोष्ट सांगितली.

२ एप्रिल

तुलनेसाठी निरोगी मेंदूचे फोटोही लागतात. त्यासाठी आज पंचवीस वर्षांची मुलगी आली होती. पहिला फोटो पडद्यावर आला आणि मी खुर्ची मागे सारून उठले. मधोमध दोन मोठ्या काळ्या पोकळ्या. उजवी डावीपेक्षा जराशी लांब, टोकाला नखानं खुडल्यासारखी खाच. हा मेंदू मी पाहिलाय. हेडमास्तरांच्या नावाखाली ठेवलेला, घड्याळवाल्यांचा.

दादांना हाक मारली. ते येईपर्यंत मुलीचा तरुण, घट्ट मेंदू पडद्यावर होता. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

८ एप्रिल

आज घड्याळवाल्यांच्या घरी गेले. पत्ता फाईलमध्ये होता. सरळ सांगून टाकायचं असं घोकत गेले.

मुलीनं दार उघडलं, बाहेरून कडी होती ती काढून. बाबा रस्त्यावर जातात म्हणून ती भाजीला जाताना कडी लावते, आताच परत आली होती. तिनं मला बसवलं, चहा ठेवला. बाबांची हत्यारं तिनं उचलून ठेवली आहेत, हाताला लागतील म्हणून. दुकान बंद केलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली की एका अर्थी फोटोमुळे सुटका झाली. नाहीतर मी वेड्यासारखी आशा धरून दवाखाने पालथे घातले असते. आता कळलं ना, करण्यासारखं काही नाही, मग मन घट्ट केलं. आणि तुम्ही त्या दिवशी त्यांच्याशी किती मायेनं बोललात, असं म्हणून तिनं माझा हात धरला.

ते खिडकीशी बसले होते. रिकामी बोटं एकमेकांवर फिरत होती, अजून काहीतरी दुरुस्त करत असल्यासारखी. मला पाहून उठू लागले. पाय उचलेनात. विजारीवर ओल पसरली, मुलगी धावली, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढी लाज मी माणसाच्या पाठीवर कधी पाहिली नव्हती. ती त्यांची नव्हेच, माझी होती.

मी चहा संपवला. काळजी घ्या म्हटलं. निघताना त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, झालं का?

मी म्हटलं, होत आलं, बाबा.

मला हे कुणाला सांगता येणार नाही.

१२ एप्रिल

रोज सकाळी मशीनची चाचणी घेताना टेबलावर पाण्याचा एक गोल चेंडू ठेवतात. फोटोत पांढरं वर्तुळ यायला हवं, बाकी काही नाही.

आज वर्तुळात मेंदू होता. फुगलेल्या पोकळ्या. उजवीला खाच.

दादा शेजारीच उभे होते. त्यांना वर्तुळच दिसलं. म्हणाले, छान, गोल आहे.

मग माईकमधून आलं. खोलीत माणूस नव्हता, टेबलावर तो चेंडू होता. झालं का? दादांनी मान वर केली नाही.

१५ एप्रिल

प्रत्येकाचा पहिला फोटो घड्याळवाल्यांचाच येतो. क्षणभर. मग त्या त्या माणसाचा. आज सहाही जणांच्या वेळी. मी डोळे मिटून पाच आकडे मोजते आणि मग बघते. बघताना माझीच नजर मला टाळते.

उद्या नक्की. बाईंच्या खोलीत जायचं, दार लावायचं, सांगायचं.

१६ एप्रिल

बाईंच्या दारापर्यंत गेले. तिथे पाय थांबले. भीतीनं नव्हे— म्हणजे भीती होतीच— पण पाय उचलेचनात. तळवे फरशीला धरून ठेवल्यासारखे. मागून स्वागतकक्षातली मुलगी आली, तिनं दंडाला धरून वळवलं तेव्हा सुटले.

तिला वाटलं, चक्कर आली.

१८ एप्रिल

खोलीपासून केंद्रापर्यंत पंचवीस मिनिटं लागली. पाऊल बोटभरच पुढे पडतं. मालकीणबाईंनी खिडकीतून विचारलं, काही बोचतंय का पायाला.

माझ्या देहात काही बिघाड नाही. ही त्यांची चाल आहे.

१९ एप्रिल

बैठक. सगळे होते. बाई बोलत होत्या. मला कळलंच नाही, खुर्ची ओली झाली. आवाज आला, थेंबांचा, फरशीवर. सगळे माझ्याकडे न बघण्यासाठी इतकं धडपडत होते— दादा खिडकीबाहेर बघत होते. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी, लिहिते, ही लाज त्या दुसऱ्या लाजेपेक्षा हलकी होती.

२३ एप्रिल

बाईंनी मला मशीनवर निजवलं. दादांनी माझं नाव दोनदा मोठ्यानं वाचून ओळ निवडली. डोक्यावर पिंजरा बसवला, हातात रबरी फुगा दिला, भीती वाटली तर दाबायला.

आत खडखडाट. थांबला. मी तोंड उघडलं नव्हतं. पण बाहेर माईकवर दादा म्हणत होते— होत आलं, होत आलं.

कुणाला म्हणत होते?

२४ एप्रिल

बाई हसत होत्या. पाणी आहे! म्हणाल्या, इतक्या कमी वयात विरळाच, पण नशीब काढलंत, बरा होणारा प्रकार, आणि वेळेत सापडला. फोटो दाखवला. या वेळी त्यांनाही दिसत होता.

उजव्या पोकळीला खाच.

मी सांगितलं. सगळं. घाई, लघवी, ओळ, दात, टाळ्या. रडले. म्हटलं, हा फोटो माझा नाही, त्यांचा आहे, नळी त्यांना बसवा.

बाईंनी माझा हात धरला. शांतपणे म्हणाल्या की या आजारात मन रिकाम्या जागा गोष्टींनी भरतं, आणि तुम्ही दिवसभर फोटोंत बसता, तेव्हा गोष्टही फोटोंचीच सुचणार. काळा डाग दाखवला तर म्हणाल्या, म्हाताऱ्यांच्या तोंडात काय काय असतं. खाच दाखवली तर म्हणाल्या, पाण्याचे सगळे फोटो सारखेच. दादांना विचारलं. दादा डोळे पुसत म्हणाले, या बाईंच्या हातून? शक्यच नाही.

माझीच बढाई. पहिल्याच दिवशी मारलेली.

२५ एप्रिल

विनवलं. त्यांना एकदा, फक्त एकदा परत मशीनवर. बाईंनी माझ्या समाधानासाठी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, ते आता अंथरुणाला लागलेत, त्यांना आणखी छळू नका.

पंधरा दिवसांपूर्वी ते खिडकीशी बसले होते. मी चहा पीत होते.

२८ एप्रिल

धाकटी आली आहे. केस काढले. उद्या नळी. तिला सांगते तर ती डोक्यावरून हात फिरवते, हो ग ताई, हो. घड्याळवाल्यांचं नाव आठवेना— दुकान कुठे— घर— पाटीवर काहीतरी—

बाई म्हणाल्या, पाणी उतरलं की ही अपराधाची टोचणीही जाईल, आठवणारसुद्धा नाही. आणि हे ऐकून मला— लाज वाटते— बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

२९ एप्रिल

सकाळ. ढकलगाडी दाराशी आली आहे. धाकटीनं दोन मिनिटं मागून घेतली. हे पान फाडून घड्याळवाल्यांच्या मुलीला द्या. कुणीही द्या.

तुमच्या वडिलांचा आजार तुम्हाला सांगितला तो नाही. तो दुसऱ्या माणसाचा. त्यांच्या डोक्यात पाणी आहे, ते निघतं, ते चालतील— चूक माझी, मला ठाऊक होतं, तुमच्या घरी आले तेव्हाही ठाऊक— मला काय करायचं ते करा, पण आजच न्या त्यांना, आत्ता, कारण मला आत नेताहेत आणि मी बरी होऊन येईन, हसत येईन, आणि मग हे सांगणारं कुणीच